पान्ह्याभोवतीची माणसे

मराठीत ‘दूध’ आणि ‘पान्हा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. दूध हा पदार्थ, तर वासराच्या किंवा बाळाच्या ओढीने ते आतून मोकळे होण्याची क्रिया म्हणजे पान्हा. परका माणूस धार काढायला बसला, गोठ्यात गोंगाट झाला किंवा वासरू जवळ नसले की कासेत दूध असूनही गाय पान्हा चोरते, हे गोठ्यात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि अशा वेळी कोणी गाईला दोष देत नाही. वासरू आणले जाते, ओळखीचा हात कासेला लागतो आणि थोडा वेळ वाट पाहिली जाते. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण विसरले जाते आणि तिसऱ्या दिवशीच ‘हिला दूध नाही’ असा निकाल दिला जातो. स्तनपानाला आधार देणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार या निकालापासूनच सुरू करणे सोयीचे ठरते, कारण तो बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि दिला गेला की पुष्कळदा खरा होऊन बसतो.

दूध तयार करण्याची तयारी शरीर गरोदरपणाच्या मध्यावरच सुरू करते, परंतु वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारे द्रव्य, ती प्रक्रिया आवरून धरते. प्रसूतीनंतर वार पडली की हा आवर सुटतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत स्तन भरून येतात; बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध वाहू लागते, अशी नोंद सुश्रुतसंहितेतही आहे. पुढचे काम मुख्यतः दोन संप्रेरके करतात. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे स्तनातील सूक्ष्म कोशांत दूध बनते, तर ऑक्सिटोसिनमुळे त्या कोशांभोवतीचे बारीक स्नायू आकसून बनलेले दूध नलिकांमधून पुढे ढकलले जाते. हा दुसरा भाग म्हणजेच पान्हा. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने आणि नुसत्या आठवणीनेही दूध स्रवते, असे सुश्रुताने म्हटले आहे आणि ऑक्सिटोसिनचे वर्तन अगदी तसेच आहे: शेजारच्या घरातले बाळ रडले तरी पदर भिजतो, आणि वेदना, भीती, लाज किंवा टोमणा यांनी तेच दूध काही काळ अडते. आटते ते नव्हे, अडते. हा फरक मदत करणाऱ्याने मनात पक्का धरला पाहिजे.

याखेरीज प्रत्येक स्तनाचा आपापला स्वतंत्र हिशेबही असतो. स्तन भरलेला राहिला तर दुधातच साचणारे घटक पुढील निर्मिती मंदावतात आणि तो रिकामा होत गेला तर निर्मितीचा वेग वाढतो. त्यामुळे दूध जितके काढले जाईल तितके बनते, हा केवळ धीराचा शब्द नसून शरीराचा नियम आहे. म्हणूनच ‘दूध पुरत नाही’ या शंकेपोटी दिलेली वरच्या दुधाची पहिली वाटी ही घटनाक्रमातील सर्वांत महत्त्वाची घटना ठरते: बाळाचे पोट भरते, ते स्तनाशी कमी वेळ राहते, स्तन भरलेला राहतो, निर्मिती घटते आणि आठवडाभरात शंका सिद्ध होते. या चक्रात वाईट हेतूचे कोणीच नसते. वाटी देणारी आजी प्रेमानेच देत असते, आणि तिला रागावून काही साधत नाही.

सुरुवातीचे दिवस दुधाचे नसून चिकाचे असतात, हेही समजून घ्यावे लागते. चीक दाट, पिवळसर आणि मोजका असतो. पिवळेपणा बीटा-कॅरोटिनचा, तर मोजकेपणा बाळाच्या मापाचा, कारण पहिल्या दिवशी नवजात बाळाच्या पोटात एका वेळी चहाच्या एखाद-दुसऱ्या चमच्याहून फारसे मावत नाही. आतड्याच्या अस्तरावर बसून जंतूंना अडवणारी प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिनसारखी प्रथिने आणि अ जीवनसत्त्व यांचे प्रमाण चिकात पुढच्या दुधापेक्षा बरेच अधिक असते. तरीही अनेक घरांत हा चीक ‘जुना’, ‘जड’ किंवा ‘पचत नाही’ म्हणून पिळून टाकण्याची आणि दूध उतरेपर्यंत मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवण्याची रीत होती व काही ठिकाणी आजही आहे. म्हशीच्या किंवा गाईच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटून खाणाऱ्या समाजाने आपल्याच बाळाचा चीक मातीत घालावा, ही विसंगती सहज ध्यानात येत नाही एवढेच. मधाचा प्रश्न केवळ आहाराचा नाही: मधात बोटुलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

पहिल्या तासाचे महत्त्व येथे येते. जन्मलेले निरोगी बाळ पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवले तर ते तासाभरात हळूहळू सरकत, वास घेत, थांबत-थांबत स्वतःच स्तनापर्यंत पोहोचते आणि चोखू लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात नोंदवलेले हे वर्तन महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रशांत गांगल यांनी ‘युनिसेफ’च्या साहाय्याने २००७ मध्ये चित्रफीत आणि पुस्तिकेच्या रूपाने आरोग्यसेवकांपर्यंत नेले. पाहणाऱ्याला ते चमत्कारासारखे वाटते, पण त्यासाठी लागते ती फक्त एक गोष्ट, ती म्हणजे तासभर बाळाला कोणी उचलून न नेणे. आणि गजबजलेल्या प्रसूतिकक्षात नेमकी तीच दुर्मीळ असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या (२०१५-१६) व पाचव्या (२०१९-२१) फेऱ्यांची तुलना केली तर महाराष्ट्रात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचले, तर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ५७ वरून ५३ टक्क्यांपर्यंत खाली आले. याच काळात सिझेरियनचे प्रमाण सुमारे २० वरून २५ टक्क्यांवर गेले आणि त्याचा काही वाटा या घसरणीत असावा, असा तर्क करता येतो. शस्त्रक्रियेनंतर मातेला हालचाल करता येत नाही, पण मणक्यातून भूल दिलेली माता शुद्धीवर असते आणि कोणी बाळाला तिच्या छातीशी आडवे धरून ठेवले तर पहिले पाजणे शस्त्रक्रियेच्या टेबलावरही होऊ शकते. रुग्णालयात जन्म होणे आणि रुग्णालयात आधार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा बोध या आकड्यांतून नक्की होतो.

आधाराचा सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे बाळाची पकड. स्तनपान निसर्गदत्त आहे म्हणजे ते आपोआप जमते, असा समज सर्वत्र आहे; वास्तविक ते चालण्याइतकेच निसर्गदत्त आहे, आणि चालताना पहिल्यांदा बोट धरावेच लागते. पूर्वी एकत्र कुटुंबातील मुलगी आई, काकू, वहिनी यांना पाजताना पाहत मोठी होत असे आणि ही विद्या न शिकवता शिकली जाई. दोन खोल्यांच्या घरात एकट्याने वाढलेल्या मुलीने पहिले स्तनपान पाहिलेले असते ते स्वतःचेच. बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात धरले तर ते हिरड्यांखाली चिरडते, आईला कळ येते आणि दूध फारसे निघत नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाचा, विशेषतः त्याच्या खालच्या बाजूचा, मोठा भाग तोंडात गेला तरच जिभेची लाट नलिकांवर नीट पडते. पकड बरोबर आहे की नाही हे चार खुणांनी ओळखता येते: बाळाचे तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते आणि काळसर भाग तोंडाच्या खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसतो. बाळाचे डोके, मान आणि धड एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेले आणि नाक स्तनाग्रासमोर अशी सुरुवात केली की बाळ मान किंचित मागे टाकून तोंड उघडते, आणि त्या क्षणी त्याला जवळ आणायचे असते. स्तन बाळाकडे नेत आई पुढे वाकू लागली की पाठ दुखते आणि पकडही सुटते. उजव्या स्तनावर पाजताना डाव्या हाताने बाळाची मान व खांदे धरण्याची पद्धत नवख्या मातांना विशेष उपयोगी पडते, कारण बाळाची दिशा आईच्या हातात राहते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या चित्रफितींत हीच पद्धत बारकाईने शिकवलेली असून त्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत.

घाईत असलेली परिचारिका किंवा काळजीत पडलेली नातेवाईक बाळाचे डोके मागून धरून स्तनावर दाबते. हे करू नये, कारण डोक्यामागे दाब आला की बाळ उलट मागे रेटते, रडते आणि स्तनालाच बिचकू लागते. चांगली मदतनीस प्रथम नुसती पाहते, एक पूर्ण वेळ पाजणे होऊ देते, बाळाच्या गिळण्याचा आवाज ऐकते, मग ‘दुखतंय का?’ असे विचारते आणि शक्यतो आईच्याच हातांनी दुरुस्ती करवून घेते. पाजताना दुखणे सोसायचेच असते, हा समज चुकीचा आहे; पहिल्या काही क्षणांचा ताण सोडला तर दुखणे हे पकड चुकल्याचे लक्षण मानावे आणि चिरांवर मलम शोधण्याआधी पकड सुधारावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे बहुधा रुग्णालयातून घरी जाण्याच्या सुमारास, स्तन दगडासारखे टणक होतात, थोडा ताप चढल्यासारखा वाटतो आणि वर्तुळाचा भागच ताणल्यामुळे बाळाला पकड मिळत नाही. थोडे दूध हाताने पिळून तो भाग मऊ केला आणि बाळाला वारंवार घेतले की एक-दोन दिवसांत हे ओसरते. न केले तर गाठी होतात आणि पुढे स्तनदाह, म्हणजे स्तनाची सूज व संसर्ग, होण्याचा धोका असतो. त्यातही पाजणे थांबवायचे नसते, कारण साचलेले दूध निघणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. याच दिवसांत बाळाचे वजन जन्मवजनापेक्षा कमी भरते आणि घर हादरते. सुरुवातीची सात टक्क्यांपर्यंतची घट सामान्य समजली जाते, दहा टक्क्यांकडे गेली तर तपासणी हवी, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ पुन्हा जन्मवजनावर येते. दूध पुरते की नाही याचा विश्वासार्ह पुरावा रडण्यात नसून लंगोटात असतो: पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर संध्याकाळी दोन-तीन तास सतत छातीला लागून राहणारे बाळ उपाशी नसते, ते पुढच्या दिवसांची मागणी नोंदवत असते.

घरातल्या आधाराबद्दल बोलताना बाळंतिणीच्या आहाराला फार जागा दिली जाते. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, शतावरी कल्प, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी या सगळ्यांची मायेची परंपरा मोलाची आहे आणि पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांकांची जी वाढीव गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सांगितली आहे ती भागवायला असे पदार्थ उपयोगी पडतात. परंतु दूध वाढवणारा मुख्य पदार्थ बाळाचे तोंड हाच आहे आणि लाडू खाऊनही बाळ पाळण्यातच राहिले तर दूध वाढत नाही. उलट पाणी कमी द्यावे, डाळ-भाजी वर्ज्य करावी अशा पथ्यांनी तहानलेली व अर्धपोटी बाळंतीण तयार होते. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची रूढी मात्र, तिच्यातले सोयर-विटाळ बाजूला ठेवले तर, आधाराची विलक्षण शहाणी योजना होती, कारण तिने बाळंतिणीचे काम एकच ठरवले होते आणि बाकी सगळे इतरांवर सोपवले होते. आज या योजनेतली जागा बापानेही घेतली पाहिजे: रात्री बाळ उचलून आणून देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, आणि भेटायला आलेल्यांच्या ‘पुरतंय ना गं दूध?’ या प्रश्नाला दारातच उत्तर देणे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते.

घराबाहेरच्या माणसाने येऊन केलेली मदत किती फरक पाडते, याची मोजदाद भारतीय उपखंडातच झालेली आहे. ढाक्यात केलेल्या आणि २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वस्तीतल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी गरोदरपणापासून घरी भेटी दिल्या, तेव्हा पाच महिन्यांच्या वयाला निव्वळ स्तनपान, म्हणजे पाण्याचा थेंबही न देता केवळ आईचे दूध, घेणारी बाळे ७० टक्के आढळली, भेटी न मिळालेल्या गटात ती ६ टक्के होती. हरियाणातील २००३ च्या अभ्यासात अस्तित्वात असलेल्या आरोग्य व अंगणवाडी सेवकांनाच प्रशिक्षण दिले गेले आणि तिसऱ्या महिन्याला हे प्रमाण ४८ ऐवजी ७९ टक्के झाले. दोन्ही ठिकाणी औषध नव्हते, यंत्र नव्हते. येणारे माणूस होते. आज आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे अशी योजना आहे, आणि यांतील पहिल्या दोन भेटी ‘दूध नाही’ हा निकाल दिला जाण्याच्या नेमक्या काळात येतात. भेटीत वजन करून फॉर्म भरला जातो की शेजारी बसून एक पाजणे पाहिले जाते, यावर तिचे मोल ठरते. देशभरात मातांच्या बाजूने हा विषय लावून धरणाऱ्या ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ या संस्थेची स्थापना १९९१ साली वर्ध्यात झाली, हे महाराष्ट्रातही फारसे कोणाला माहीत नसते.

आधाराला विरोधी शक्तीही असते, आणि ती डब्यातून येते. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये स्तन्यपर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये त्यावर कायदा करून २००३ मध्ये तो अधिक कडक केला: दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या दूध-पावडरीची, बाळअन्नाची व बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने, डब्यावर बाळाचे चित्र आणि आरोग्यसेवकांना भेटवस्तू किंवा परिषदांसाठी पैसे देणे, हे सर्व त्याने निषिद्ध केले. पावडर स्वतः विष नाही. काही बाळांना ती लागतेच. मुद्दा असा की ती आईच्या शंकेच्या क्षणी उशाशी ठेवलेली नसावी.

काही बाळांना छातीशी लागताच येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जमत नाही, आणि त्यांना आईच्या दुधाची गरज मात्र सर्वांत जास्त असते. अशा मातेने दर दोन-तीन तासांनी, रात्री धरून, हाताने किंवा पंपाने दूध काढायचे आणि ते नळीने, वाटी-चमच्याने किंवा चोच असलेल्या बोंडल्याने पाजायचे. आजीच्या कपाटातले चांदीचे बोंडले नवजात अतिदक्षता कक्षात पुन्हा उपयोगी ठरावे, ही गमतीची पण खरी गोष्ट आहे, कारण बाटलीपेक्षा ते स्वच्छ करणे सोपे असते. आईचे दूध मिळतच नसेल तर दुसऱ्या मातेने दान केलेले दूध हा पुढचा पर्याय. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तेथे दात्या मातांची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून जंतुरहित केले जाते आणि गोठवून ठेवले जाते. पेढीचा कमी दिसणारा उपयोग असा की दूध काढायला एकत्र बसलेल्या माता एकमेकींना शिकवतात.

थायरॉइडचा विकार, प्रसूतीतील अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे किंवा स्तनातील ग्रंथींची वाढच अपुरी असणे अशा कारणांनी खरोखर दूध कमी पडणाऱ्या माताही असतात. त्या थोड्या असतात, पण त्यांना ‘प्रयत्न कमी पडला’ असे सुचवणारा उपदेश हा आधार नव्हे. जेवढे दूध येते तेवढे देऊन बाकीचे सुरक्षितपणे वरचे देणे हाच तेथे योग्य सल्ला असतो. सतत रडू येणे, झोप उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे अशी लक्षणे दोन आठवड्यांनंतरही टिकली तर तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा भाग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टर हवा.

शेवटी प्रश्न उरतो तो कामावर जाणाऱ्या आईचा. एसटी स्थानकांतील स्तनपानाच्या खोल्यांना महाराष्ट्रात ‘हिरकणी कक्ष’ असे नाव आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरच्या तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरली, ही कथा आईच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. ती बंद दरवाजाचीही कथा आहे, हे मात्र सांगणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची करून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. हा दरवाजा नोकरदार स्त्रीसाठी उघडला. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रीला मात्र मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एका दिवसाचा खाडाही पैशांत मोजला जातो आणि तान्हे बाळ फडाच्या कडेला झोळीत, त्याच्याहून थोड्याच मोठ्या बहिणीच्या नजरेखाली असते. मोळ्या वाहून होईपर्यंत दिवसाचे दूध साचत आणि मंदावत जाते, आणि पाचटाच्या कोपीत रात्रभर बाळ छातीशी राहते म्हणून ते टिकते.